प्रार्थना विनंती होती की तक्रार?

"आपण सगळे विश्वासी आहोत ना, मग टीममध्ये एवढी कटकट का होते?" चर्चमध्ये सेवा करणारी माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे खूपदा येतात, आणि खोदून विचारलं की खाली बहुतेक वेळा एकच भीती निघते, मी तोंड उघडलं तर ऐक्य मोडेल. अशाच एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच, आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलून.

ताई उपासनेच्या टीमच्या लीडर. गाणी ठरवणं, प्रॅक्टिस, स्लाइड्स, नवीन मुलांना शिकवणं, सगळं त्यांच्याच अंगावर. गिटार वाजवणारा एक दादा प्रॅक्टिसला कायम उशिरा यायचा, कधी कधी यायचाच नाही. आठ महिने ताई त्याला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "प्रीती सगळं सहन करते ना मॅडम, बायबलमध्येच आहे, पहिलं करिंथ 13."

इथे मी माती खाल्ली. नम्रतेने, धीराने एकमेकांचं सहन करा असं इफिसकरांस 4 मध्ये आहे, ते मीही त्यांना वाचून दाखवलं आणि ताईंनी लगेच डायरीत उतरवून घेतलं. वचन बरोबरच आहे हो, पण जी बाई आधीच आठ महिने दात-ओठ खाऊन गप्प बसलीय तिला मी अजून गप्प बसायचं कारण दिलं.

तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, हे अजून कोणाला माहितीये का? "नाही, कोणालाच नाही. फक्त ग्रुपवर प्रार्थना विनंती टाकली होती, नाव न घेता, एका भावाला वेळेचं महत्त्व कळावं म्हणून." टीमचाच ग्रुप, त्यात उशिरा येणारा माणूस एकच, आणि त्या दादानेही खाली 'आमेन' टाकलेलं. हे सांगताना ताई हसल्या आणि मग एकदम रडायलाच लागल्या.

येशूने मत्तय 18:15 मध्ये क्रम सरळ सांगितलाय, भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे जा, तुम्ही दोघंच असताना बोल, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घे, मंडळी, म्हणजे चर्च, त्याच्याही नंतर. आपण नेमकं उलट करतो, आधी ग्रुप, मग पास्टर, आणि ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, फिलिप्पैकरांस 4 मध्ये, युवदीया आणि सुंतुखे या आपसात न पटणाऱ्या दोघींची नावं उघड घेतलीत, पण कशी, तर एकचित्त व्हा म्हणून दोघींनाही सारखीच विनंती करून, या दोघी सुवार्तेच्या कामात माझ्याबरोबर झटल्यात हेही सांगून, आणि एका सोबत्याला यांना मदत कर असं लिहून. आडून टोमणा नाही की आध्यात्मिक भाषेतली चुगली नाही.

(एक सांगून ठेवते, जिथे छळ होतोय, कोणी पदाचा गैरवापर करतंय किंवा पैशाची अफरातफर आहे, तिथे 'आधी एकटीने जाऊन बोल' हा सल्ला मी कधीच देत नाही. तिथे थेट जबाबदार माणसांकडे जायचं, गरज असेल तर पोलिसांकडेही.)

ताई गेल्या एकदाच्या. आधी ग्रुपवरच्या त्या मेसेजबद्दल माफी मागितली, मग उशिराचा विषय काढला. दादा म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं ते माझ्याबद्दल आहे, आमेन टाकलं नसतं तर अजूनच दिसलं असतं." आणि पुढे जे म्हणाला ते ताईंना अपेक्षितच नव्हतं. तो घरून तयारी करून यायचा आणि ताई आदल्या रात्री लिस्ट बदलायच्या, स्केल बदलायच्या, मग लवकर येऊन करू काय?

म्हणून पुढच्या भेटीत आम्ही निर्गम 18 उघडलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेल्या मोशेला सासरा इथ्रो तोंडावर सांगतो, हे तू करतोस ते बरं नाही, तू तर थकशीलच आणि हे लोकही थकतील. ताई त्या 'लोकही' शब्दावर थांबल्या. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा लोकांवर नायक नेमायला सांगतो तो. गलतीकरांस 6 मध्येही एकमेकांची ओझी वाहा असं आहे आणि तीनच ओळी खाली प्रत्येकाने आपला भार वाहावा असंही आहे, मूळ ग्रीकमध्ये शब्दही वेगळे आहेत. ताई दादाचा भारही उचलत होत्या आणि वर तो उचलत नाही म्हणून चिडतही होत्या.

ठरलं ते साधंच, लिस्ट बुधवारी फायनल, नंतर बदलायची तर दोघांनी मिळून, आणि नवीन मुलांची प्रॅक्टिस दादाकडे. ताईंनी विचारलं, एवढं करूनही नाही जमलं तर? म्हटलं, पौल आणि त्याचा सेवेतला सोबती बर्णबा यांचंही नाही जमलं. मार्क नावाच्या सहकाऱ्याला सोबत न्यायचं की नाही यावरून इतकं वाजलं की बर्णबा त्याला घेऊन कुप्रला गेला आणि पौल सीलाला घेऊन दुसरीकडे. पण काही वर्षांनी तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. वेगळं होऊन काम करणं म्हणजे वैर धरणं नव्हे, एवढंच सांगितलं.

तीन महिन्यांनी ताईंचा मेसेज आला, "आज परत उशिरा आला. मी आधी त्यालाच फोन केला. भांडलो थोडं. लिस्ट मी बदलली नव्हती बरं का!"