चालता चालता समुपदेशन: वाचकांचे प्रश्न

समुपदेशकासमोर खुर्चीत बसलं की माझी वाचाच बसते. काही जण चालत चालत सत्र घेतात म्हणे. मग मैत्रिणीबरोबर फिरायला जाण्यात आणि त्यात फरक काय? (शिक्षिका, फोंडा)

मैत्रीण अर्ध्या वाटेत स्वतःच्या सासूचं सांगायला लागते, समुपदेशक लागत नाही. शिवाय वेळ आणि फी ठरलेली असते, आणि मागच्या वेळी बोलणं कुठे थांबलं ते त्याच्या लक्षात असतं.

तुमची वाचा बसते ती बहुधा नजरेमुळे. समोरासमोर बसलं की आपण समोरच्याचा चेहरा वाचत राहतो. शेजारी शेजारी चालताना नजर वाटेवर असते आणि मधेच गप्प झालं तरी अवघडायला होत नाही. एक बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) माझ्या खोलीत तीन सत्रं ‘तसं सगळं बरं आहे’ एवढंच म्हणत राहिल्या. चौथ्यांदा आम्ही मिरामारच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखालून चालत होतो. बोलता बोलता धाकट्या भावाचं नाव आलं आणि त्यांची पावलं मंदावली. मी काही विचारलं नाही, फक्त माझीही चाल कमी केली. थोडं पुढे जाऊन त्या वाळूत उभ्याच राहिल्या आणि मग बोलत्या झाल्या. खुर्चीत ही खूण मला दिसलीच नसती.

हे खूळ आजकालचं नाही. १९१० साली मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने संगीतकार गुस्ताव माहलरचं दुखणं हॉलंडमधल्या लायडन शहरात असंच फिरता फिरता, सुमारे चार तास ऐकून घेतलं होतं. माझ्याकडे चार तास मागू नका, ५० मिनिटं मिळतील.

गोवा एवढासा. वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तर? (म्हापसा)

भेटणारच! म्हणून पहिलं सत्र मी खोलीतच घेतो आणि त्यात हेच ठरवतो. कोणी ‘खंय वता गो?’ विचारलं तर ‘हांगाच, मात्शें भोंवपाक’ (इथेच, जरा फिरायला) एवढं उत्तर पुरतं. माझी ओळख करून द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं. मी आपणहून तोंड उघडत नाही. माणसं दिसली की विषय बदलायचा, ती पुढे गेली की पुन्हा धरायचा. वही किंवा फाइल मी बरोबर नेत नाही, नोंदी परतल्यावर लिहितो. गुप्तता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे, पण किनाऱ्यावरच्या कानांना कायदा ठाऊक नसतो. म्हणून म्हापशाच्या माणसाने म्हापशात चालू नये, शुक्रवारी बाजाराच्या दिवशी तर नकोच. एवढं करूनही मनात धाकधूक राहत असेल, तर सरळ खोली निवडा. त्यात कमीपणा नाही.

नुसत्या झाडांनी बरं वाटतं याला काही आधार आहे का? (मडगाव)

थोडा आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात काही जण दीड तास झाडापेडांत चालले आणि काही वर्दळीच्या रस्त्याकडेने. तेच ते विचार मनात घोळवणं पहिल्या गटात कमी झालं. पण तो प्रयोग चालण्याचा होता, समुपदेशनाचा नव्हे, आणि लोकही मोजकेच होते. एवढ्यावरून ‘निसर्गच औषध’ असं कोणी विकत असेल तर सावध राहा. हायवेच्या कडेने चालू नये, इतकं मात्र मी त्यातून घेतलं.

पावसाळ्यात काय करता? (डिचोली)

जून ते सप्टेंबर खोलीत. एकदा दोन छत्र्यांखालून प्रयत्न केला होता. निम्मं सत्र ‘काय म्हणालात?’ यातच गेलं.

माझा १९ वर्षांचा मुलगा खोलीबाहेर येत नाही, जगून काय करू म्हणतो. त्याला चालायला न्याल का? (एक आई, पेडणे)

आत्ता नाही. हे वाचून झाल्यावर लगेच १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, दिवसरात्र चालू असते आणि फुकट आहे. तुम्हीही बोलू शकता, त्यालाच बोलायला हवं असं नाही. मरणाचा विचार मनात येतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि बांबोळीच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना आजच दाखवा. तो यायला तयार नसेल, तर तुम्ही एकट्या जाऊन त्यांना सगळं सांगा. चालण्याचं त्यांच्याशी बोलून नंतर पाहू.