वाढदिवसाची न वाचलेली पाने

प्रश्न : माझी मुलगी आठ महिन्यांची असताना आम्ही तिला दत्तक घेतले. ती दत्तक आहे हे तिला कळू लागल्यापासून माहीत आहे. गेल्या महिन्यात तिला तेरा वर्षे पूर्ण झाली आणि त्याच सुमारास तिने उंचीत मला मागे टाकले. मला इतका आनंद झाला, की वाढदिवशी जवळच्या मंडळींसमोर वाचण्यासाठी मी पाच पाने लिहून काढली : आमची अनेक वर्षांची प्रतीक्षा, तिला प्रथम कुशीत घेतले तो दिवस, तिचा पहिला शब्द आणि आता माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहणारी ही मुलगी. तिने ती पाने आधी वाचली आणि म्हणाली, "आई, हे कोणासमोर वाचू नकोस." मी वाचली नाहीत, पण मनाला लागले. त्याच संध्याकाळी एक नातेवाईक बाई म्हणाल्या, "एवढी उंच! कोणाच्या वळणावर गेली कोण जाणे." मुलगी उठून आपल्या खोलीत गेली. मी हा आनंद साजरा करायलाच नको होता का?
– एक आई

उत्तर : आनंद अवश्य साजरा करावा, त्यात तुमचे काहीही चुकलेले नाही. मात्र तुम्ही पत्रात त्या पाच पानांचा जो क्रम दिला आहे, तो पुन्हा एकदा पाहा. प्रतीक्षा तुमची आहे, कुशीत घेतल्याचा क्षण तुमचा आहे आणि आजची तेरा वर्षांची मुलगी अगदी शेवटी येते. ते एका आईचे मनोगत आहे, आणि सुंदरच असेल. पण वाढदिवस तिचा होता आणि ऐकणाऱ्यांच्या नजरा तिच्यावर खिळणार होत्या.

दत्तक येण्याची गोष्ट तीच राहते, पण वयानुसार मूल ती निराळ्या रीतीने ऐकते. चार-पाच वर्षांच्या मुलाला "आम्ही तुला घरी घेऊन आलो" ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला आवडते, कारण त्या वयात तिच्यात फक्त येणे असते. सहा-सात वर्षांनंतर त्याच्या हळूहळू लक्षात येते, की आपण कोणाकडे तरी येण्याआधी कोणाला तरी सोडून आलो आहोत. मुलांच्या समजुतीतील हा बदल डेव्हिड ब्रॉडझिन्स्की या मानसशास्त्रज्ञाने अभ्यासातून मांडला आहे. किशोरवयात विचारशक्ती आणखी वाढते आणि मूल न घडलेल्या आयुष्याचीही कल्पना करू लागते. तुमच्या पानांतील सर्वांत आनंदाचा दिवस वाचताना त्याच दिवसाची दुसरी बाजू तिच्या मनात आली असेल, तर त्यात तुमच्या प्रेमाचा अव्हेर नाही. ती बाजू चारचौघांत उघडी पडू नये, एवढेच तिने मागितले. आणि तेही आडून न सुचवता थेट तुम्हाला सांगितले, याकडे दुर्लक्ष करू नका.

जाता जाता एक आठवण सांगतो. 'मी कोण?' हा किशोरवयाचा मध्यवर्ती प्रश्न मानणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन (जन्म १९०२) यांना सावत्र वडिलांनी दत्तक घेतले होते आणि आपले जन्मदाते वडील कोण, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. पुढे अमेरिकेचे नागरिक होताना त्यांनी आडनावही स्वतःच निवडले.

आता उंचीविषयी, कारण तुमच्या पत्रातील खरी ठिणगी तिथेच आहे. मुलाची संभाव्य उंची सांगताना डॉक्टर आईवडिलांच्या उंचीचा आधार घेतात. मुलीला पहिली पाळी कधी येईल याचा अंदाजही बऱ्याचदा आईला ती कोणत्या वयात आली होती यावरून बांधला जातो. तुमच्या मुलीला हे दोन्ही आधार नाहीत, त्यामुळे "माझेही असेच झाले होते" हे एरवी धीर देणारे वाक्य तुम्हाला वापरता येत नाही. त्याऐवजी तिची स्वतःची मोजमापे कामी येतील. दर चार-सहा महिन्यांनी उंची मोजून तिची नोंद वाढीच्या तक्त्यावर केली, की तिच्या वाढीची दिशा तिलाच दिसू लागते. सर्वांत वेगाच्या वर्षात मुलींची उंची साधारण आठ सेंटिमीटरने वाढते आणि पाळी सुरू झाल्यावर हा वेग मंदावतो, हे तिला आजच सांगून ठेवा. दवाखान्यात कुटुंबातील आजारांविषयी विचारतात तेव्हा "ती माहिती उपलब्ध नाही" असे सहज आवाजात कसे सांगावे, हेही तिला तुमच्याकडूनच शिकता येईल. तिच्या जन्माविषयीचे जे कागद तुमच्यापाशी असतील, ते कुठे आहेत हे तिला माहीत असू द्या. शक्य तेथवर आपले आईवडील कोण हे जाणण्याचा मुलांचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारानेही मान्य केला आहे; ते कागद पाहणे ही तुमची मेहेरबानी आहे असे तिला वाटता कामा नये.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही : त्या बाईंना कोणी काय उत्तर दिले? बहुधा कोणीच काही बोलले नाही. मला विचाराल, तर न वाचलेल्या पानांपेक्षा त्या शांततेचा विचार अधिक करायला हवा. पुढच्या वेळी असे कोणी बोलले तर मी काय म्हणू, हे आधी मुलीला विचारा. कदाचित ती म्हणेल, विषय बदल; कदाचित म्हणेल, मीच उत्तर देईन. एकदा ठरले की त्याप्रमाणे वागणे तुमचे काम आहे, समोरची व्यक्ती वयाने मोठी असली तरीही.

ती पाने फाडू नका. एका पाकिटात घालून तिच्या हवाली करा आणि कोणाला दाखवायची की नाही, हे तिच्यावर सोडा. साजरेच करायचे असेल तर नवे पान लिहा, ज्यात फक्त या एका वर्षातील ती असेल : तिने काय नव्याने शिकले, कशावरून तुमच्याशी वाद घातला, कोणत्या गोष्टीत तिचे म्हणणे बरोबर निघाले. "तू आलीस हे आमचे भाग्य" हे वाक्य मात्र त्यात नको. ते खरे असले तरी वारंवार ऐकणाऱ्या मुलाला त्यातून फेडायचे ऋण ऐकू येऊ लागते.

राहिला प्रश्न तुम्हाला लागले त्याचा. ते लागणारच, इतक्या वर्षांचे प्रेम पाच पानांत उतरवले होते. पण ते दुःख तूर्त पतीजवळ किंवा एखाद्या मैत्रिणीजवळ मोकळे करा, मुलीजवळ नको. नाही म्हटल्यामुळे आईची समजूत काढावी लागली, तर पुढच्या वेळी ती नाही म्हणणार नाही.