सफाई करणाऱ्या छोट्या माशाला मोठा मासा गिळत का नाही? ही मैत्री असते का?

मैत्री वगैरे काही नसते हो. गिळला तर एक घास, सोडला तर रोजची सफाई, एवढाच मोठ्या माशाचा हिशेब.

मी हा मासा पाळून मारलाय, म्हणून लिहायला बसलो. क्लीनर रॅस. बोटाएवढा, अंगावर लांब काळा पट्टा. डोंबिवलीला घरी खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी होती, आत दोन क्लाऊन आणि एक टँग, म्हणजे तिन्ही समुद्री शोभेचे मासे. दादाने वाढदिवसाला हा आणून दिला. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, "डॉक्टर आहे, बाकीचे आजारीच पडणार नाहीत." पहिल्या संध्याकाळी आम्ही जेवण सोडून बघत होतो. रॅस शेपटीकडचं अंग वरखाली हलवत नाचला, टँग पर पसरून जागच्या जागी तरंगत राहिला, आणि हा त्याच्या कल्ल्यांत तोंड घालून टिपायला लागला.

आठवड्याभरात टँग त्याला बघितलं की दगडामागे. कारण मला नंतर वाचून कळलं. या रॅसला दुसऱ्या माशांच्या अंगावरच्या परजीवींपेक्षा, म्हणजे अंगाला चिकटून जगणाऱ्या किड्यांपेक्षा, त्यांचा बुळबुळीत थर जास्त आवडतो. समुद्रात चावा काढला की गिऱ्हाईक अंग झटकून चालतं होतं, म्हणून तो नाइलाजाने सरळ वागतो. जोडीने सफाई करताना मादीने चावा घेतला तर नर तिच्यावर धावून जातो, कारण गिऱ्हाईक त्याचंही बुडतं! शिकारी माशाला मात्र हा सहसा चावत नाही. तेवढं कळतं त्याला.

माझा टँग जाणार कुठे?

ऑस्ट्रेलियात लिझर्ड बेटाजवळ मोजलंय : एक रॅस दिवसाला दोन हजारांवर मासे तपासतो, १२०० च्या आसपास परजीवी खातो. माझ्याकडे गिऱ्हाइकं तीन. फ्रोझन ब्राइन श्रिंप, म्हणजे गोठवलेली बारीक कोळंबीसारखी जीवं, टाकायचो, तो तोंडात घेऊन थुंकायचा. पोट खपाटीला गेलं. एकोणिसाव्या दिवशी फिल्टरच्या जाळीला चिकटलेला सापडला.

दादा अजून दर गणपतीत चारचौघांत सांगतो, "याने मासा उपाशी मारला." उपाशी मेला हे खरंच आहे दादा. पण दिवसाला दोन हजार गिऱ्हाइकं करणारा मासा तीन फुटी टाकीत आणला कुणी?

तर, घेऊ नका. टाकीतल्या माशांना होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर त्याचा उपयोग नाही. नवीन मासा आणला की आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, ते जास्त कामाचं.

हां, काही जणांकडे तो फ्रोझन खायला शिकून वर्षानुवर्षं जगलाय, हेही सांगायला हवं. घ्यायचाच असेल तर दुकानदाराला आपल्यासमोर खाऊ घालायला सांगा, खाल्लं तरच पैसे काढा. दादाने ते केलं नव्हतं.