पाना खरं बोलतोय का?

प्रश्न : माझा क्लिकवाला टॉर्क पाना (ठरवलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, पोचताच ‘क्लिक’ करणारा) बरोबर आहे का, हे घरी कसं तपासू?

उत्तर : पान्याचा चौकोनी ड्राइव्ह (ज्यावर सॉकेट बसतो तो खुंट) व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) आवळा, दांडा आडवा ठेवा. मुठीच्या मध्यखुणेवर बादली टांगा. दुसरीकडे टांगली तर क्लिक चुकीच्या जागी येतो. ड्राइव्हच्या केंद्रापासून खुणेचं अंतर ०.४० मीटर असेल, तर ४० न्यूटन-मीटरवर (टॉर्कचं एकक) लावलेल्या पान्याच्या क्लिकसाठी १०.२ किलो लागतात. पण पान्याचं स्वतःचं वजनही टॉर्क देतं (इथेच बहुतेक जण चुकतात): १.२ किलोचा पाना, गुरुत्वमध्य (जिथे पाना तोलून राहतो ती जागा) ड्राइव्हपासून २० सेंटीमीटरवर, म्हणजे जवळपास २.४ न्यूटन-मीटर. म्हणून बादली पाण्यासकट ९.६ किलोची हवी. बादलीचा भार हळूहळू सोडा, क्लिक याच वजनाला यायला हवा; असं पाच वेळा करा. चार टक्क्यांपलीकडे फरक आला तर स्वतः स्प्रिंगचा स्क्रू फिरवू नका, प्रयोगशाळेत द्या. काम संपलं की सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणा.