पट्टी, सप्तक, थाट : यातलं ‘स्केल’ कोणतं?

प्रश्न असा आहे : गाण्याच्या क्लासात बाई म्हणतात, “काळी चारमध्ये गा.” मोबाइलवरच्या तानपुऱ्यात मात्र ‘स्केल निवडा’ असं येतं, आणि गिटार शिकणारा भाऊ रोज ‘मेजर स्केल’ घोटत बसलेला असतो. मग स्केलला मराठीत म्हणायचं काय? पट्टी, सप्तक की थाट?

हे तिन्ही शब्द आपापल्या जागी अगदी स्वच्छ आहेत. घोळ ‘स्केल’ने घातलाय. आपल्याकडचे गायक आणि साथीदार ‘स्केल काय?’ असं विचारतात तेव्हा त्यांना तुमचा सा कुठे आहे तेवढंच हवं असतं, म्हणजे पट्टी. तानपुरा विचारतोय तेही हेच. भाऊ ज्याला स्केल म्हणतो ती मात्र स्वरांची मांडणी, आणि तिला आपल्याकडचा जवळचा शब्द थाट. (त्याच्या पुस्तकात सा-च्या जागेला ‘की’ म्हणतात, आणि पेटीच्या पट्टीलाही इंग्रजीत ‘की’च. म्हणजे शब्द आपल्याइतकाच रोखठोक.)

आता पेटी पुढ्यात घ्या. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत दिसतील. दोनच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक, जोडीतली पहिली काळी ती काळी एक. अशा मोजत गेलात की तीनच्या गटातली मधली काळी चार येते. तानपुऱ्याच्या ॲपमध्ये हीच ‘जी शार्प’. पुष्कळ बायकांचा आवाज या आसपास मोकळा लागतो, म्हणून बाई तिथून सुरुवात करून देतात.

पांढरी एकला सा धरून सगळ्या पांढऱ्या वाजवल्या की सातही स्वर शुद्ध येतात. हा बिलावल थाट. भावाच्या मेजर स्केलची मांडणीही हीच. आता सा काळी चारला न्या. रे काळी पाचवर, ग पुढच्या पांढरी एकवर, म काळी एकवर, प काळी दोनवर, ध आणि नी पांढरी चार-पाचवर. बोटं पार बदलली, थाट तोच राहिला. उलट, सा तिथेच ठेवून काळी एकऐवजी पांढरी दोन दाबलीत, की मध्यम (म) तीव्र होऊन, म्हणजे शुद्धच्या एक पट्टी वर जाऊन, कल्याण थाट झाला. इथे पट्टी तीच, थाट बदलला.

थाट हा शब्द सतारीच्या पडद्यांच्या मांडणीलाही वापरतात. आज आपण शिकतो ती दहा थाटांची व्यवस्था पं. विष्णू नारायण भातखंडे यांची. थाट रागांचं वर्गीकरण करायला असतो, गायला नाही. ‘आज यमन थाट शिकलो’ असं कुणी म्हटलं तर हळूच सांगा, यमन हा राग आहे, थाट कल्याण.

सप्तक म्हणजे सा ते नी हा सात स्वरांचा पल्ला. मंद्र (खालचं), मध्य (मधलं), तार (वरचं). एवढंच.

‘स्केलचेंज पेटी’ हे नाव आता लगेच उलगडेल. तिची पट्ट्यांची फळी सरकवता येते, त्यामुळे वादकाची बोटं सवयीच्या जागी राहतात आणि सा हलतो. थाटाशी तिचा काही संबंध नाही. तबलजीही ‘काळी चारचा तबला आणू का?’ असं विचारतो, कारण तबला गायकाच्या सा-ला मिळवायचा असतो. पट्टी जितकी वर, तितकं तबल्याचं तोंड लहान लागतं.

राहिलं ‘वरच्या पट्टीत बोलणं’. घरात याचा अर्थ आवाज चढवून भांडणं. क्लासात मात्र वरच्या पट्टीत हळूही गाता येतं, आणि खालच्या पट्टीत ओरडताही येतं. बाईंनी “पट्टी जरा उतरव” म्हटलं तर आवाज बारीक करू नका, सा खाली घ्या.