घरभाड्याची सवलत घेण्यापूर्वी

तुम्ही पहिल्यांदाच प्राप्तिकराचे विवरणपत्र भरत आहात, म्हणून आधी जुनी की नवी करप्रणाली, याचा निर्णय घ्या. काहीच निवडले नाही तर नवी प्रणाली लागू होते आणि तिच्यात घरभाड्याची सवलत (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची करसूट) किंवा आयुर्विमा, पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) यांवरची दीड लाखापर्यंतची वजावट मिळत नाही.

जुनी प्रणाली निवडलीत, तर आईवडिलांना भाडे देऊन सवलत घ्या, असे कोणीतरी सुचवेलच. त्यात बेकायदेशीर काही नाही; मात्र घर त्यांच्या नावावर असावे, भाडे दरमहा बँकेतून खरोखर जमा व्हावे, करार लेखी असावा आणि ते उत्पन्न त्यांच्या विवरणपत्रात दिसावे (त्यांना त्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळतेच). वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि खोट्या पावत्या बहुधा तिथेच उघड्या पडतात, कारण त्या पॅनवर भाड्याचे उत्पन्न दाखवले आहे की नाही हे प्राप्तिकर खात्याला सहज ताडून पाहता येते. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे ठरले, तर त्यावरील कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. सहकारी करतात म्हणून ही जोखीम पत्करू नका, हे मी कळकळीने सांगतो.

भरण्यापूर्वी वार्षिक माहिती विवरण, म्हणजेच एआयएस, उघडून ठेवींचे व्याज, लाभांश आणि शेअरविक्रीचे आकडे जुळवा. बचत खात्याचे किरकोळ व्याज नवखे लोक हमखास विसरतात. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची ई-पडताळणी, म्हणजे ऑनलाइन पुष्टीही करा.