दसऱ्याला बुकिंग, श्रावणात गाडी आणि किंमत 58 हजारांनी जास्त: कुठली किंमत धरायची?

साताऱ्याहून एका वाचकांचा मेल आलाय. दसऱ्याला पुण्यातल्या शोरूममध्ये डिझेल एसयूव्ही बुक केली, 21 हजार ऑनलाइन भरले, सेल्सवाला म्हणाला गुढीपाडव्याला गाडी दारात. पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली, आणि आता श्रावणात फोन आला की गाडी आलीय, शुक्रवारपर्यंत सगळे पैसे भरा नाहीतर नंबर पुढच्याला जाईल. कोटेशन बघितलं तर बुकिंगच्या वेळी 16,49,000 असलेली एक्स-शोरूम किंमत आता 17,07,000, शिवाय 42 हजारांचं ॲक्सेसरीज किट, इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यायचा (बाहेरच्या कोटेशनपेक्षा 24 हजार जास्त) आणि 7,500 हँडलिंग. त्यांचा प्रश्न आहे, "मॅडम, जाहिरातीतल्या किमतीत गाडी मिळेल का?"

असे मेल दर सणानंतर येतात, गाडीचं नाव बदलतं बाकी सगळं तेच. फसवणूक झाली हे वेगळं सांगायला नको, तुम्हाला ते कळतंय आणि मलाही, त्यामुळे थेट तुमच्या बुकिंग फॉर्मकडे येते.

दोन्ही बाजूंचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सातवी अट आहे, "डिलिव्हरीच्या दिवशी लागू असलेली किंमत ग्राहकास मान्य राहील". शोरूमवाले त्याच ओळीवर बोट ठेवतायत आणि तुम्हीही तिथेच घाबरून थांबलात. ही अट बहुतेक सगळ्याच बुकिंग फॉर्मवर असते. नुसती अट एकतर्फी आहे म्हणून भांडलात तर निकाल कुठेही जाऊ शकतो, त्याची खात्री मी देणार नाही. पण फॉर्म उलटा करा. पुढच्या बाजूला रंगाच्या खाली "अपेक्षित डिलिव्हरी" असा एक रकाना आहे आणि तो कोरा आहे. तुमची केस उभी राहते की पडते ते या कोऱ्या रकान्यावर ठरणार आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 2(41) बघा. ठरलेल्या मुदतीच्या पुढे माल द्यायला उशीर केला आणि त्या उशिरामुळे किंमत वाढली किंवा वाढण्याची शक्यता निर्माण झाली, तर ती निर्बंधात्मक व्यापार प्रथा होते. म्हणजे सातवी अट असली तरी उशीर तुमचा आणि वाढीव किंमत माझी असं कसं, हा प्रश्न तुम्हाला विचारता येतो. पण त्यात शब्द आहे "ठरलेल्या मुदतीच्या". मुदत ठरलीच नव्हती असं शोरूमचा वकील पहिल्या तारखेला म्हणणार आणि कोरा रकाना दाखवणार. मी हे ग्राहक आयोगात समोर बसून बघितलंय, एका शिक्षकांच्या केसमध्ये, दोन मिनिटांत त्यांचा चेहरा उतरला, कारण तोंडी आश्वासनाशिवाय त्यांच्याकडे काहीच नव्हतं. सतरा लाखांची वस्तू घेताना माणूस सीटचा रंग चार वेळा बदलतो आणि तारखेचा रकाना भरून घ्यायला दोन सेकंद देत नाही, याचा मला खरंच राग येतो.

तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे, ती तुम्ही मेलच्या अगदी शेवटी सहज लिहिलीय. सेल्सवाल्याचा नोव्हेंबरमधला व्हॉट्सॲप मेसेज, "सर पाडव्याला नक्की, नारळ तयार ठेवा". अहो, हीच तर तुमची मुदत! हा मेसेज डिलीट होऊ देऊ नका, फोन बदलू नका, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा, आणि मेसेज आलेला नंबर त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर आहे का ते बघून त्या कार्डाचाही फोटो ठेवा. नंबर शोरूमने दिलेला निघाला तर "तो त्याचं वैयक्तिक बोलला" असं म्हणणं त्यांना जड जाईल. तक्रारीसोबत चॅटचे प्रिंट देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडायचं असतं, ते तुमचे वकील करून देतील.

आता हिशेब. 58 हजार विसरा. तुम्हीच लिहिलंय की जानेवारीत 20 हजार वाढले आणि पाडव्यानंतर 38 हजार. जानेवारीत पाडवा यायचाच होता, म्हणजे गाडी वेळेत आली असती तरी ते 20 हजार तुम्हाला द्यावेच लागले असते, तिथे सातवी अट लागू होते आणि मी त्यावर भांडायला सांगणार नाही. पाडव्यानंतरचे 38 हजार उशिरामुळे. त्यावर दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीचा 14 टक्के रोड टॅक्स म्हणजे 5,320. एकूण 43,320, आणि हा आकडा कोणी विचारला तरी हिशेबासकट मांडता येतो. सगळंच मागायला गेलं की खरं असलेलंही संशयास्पद दिसायला लागतं. (एक टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमने तुमच्या नावावर आगाऊ गोळा केलेला आयकर, लावलाय त्यावर चिडू नका, दहा लाखांच्या वरच्या गाडीला तो लागतोच आणि रिटर्न भरताना परत मिळवता येतो.)

जाहिरातीचं म्हणाल तर तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. तीत "पासून" लिहिलेलं होतं, म्हणजे सगळ्यात खालच्या मॉडेलची किंमत, आणि तुम्ही वरचं मॉडेल बुक केलं. स्कॉर्पिओ-एनचं आठवा, 30 जुलै 2022 ला अर्ध्या तासात लाखावर बुकिंग झालं पण सुरुवातीची किंमत होती पहिल्या 25 हजार बुकिंगना, आणि हे आधीच जाहीर केलेलं होतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी 2022 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, खालची तळटीप जाहिरातीच्याच भाषेत आणि तशाच टायपात हवी, पुरवठ्याची वाजवी शक्यता नसताना कमी किमतीचं आमिष दाखवायचं नाही, असं त्यात आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंडही करू शकतं, पण तो दंड तुमच्या खिशात येत नाही. आणि जाहिरातीचा तारखेसकट स्क्रीनशॉट तुमच्याकडे नाहीच.

किट आणि इन्शुरन्सवर मात्र तुमची बाजू पक्की आहे. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल ही सक्ती त्याच कलम 2(41) च्या दुसऱ्या भागात सरळ लिहिलीय. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स 1 सप्टेंबर 2018 पासून लागतो, पण तो कोणाकडून घ्यायचा हे तुमच्या हातात आहे. किट नको, पॉलिसी मी बाहेरून आणतो, हे मेलवर लिहा, फोनवर बोलू नका. हँडलिंगचं म्हणाल तर 7,500 कशाचे ते लेखी मागा, बहुतेक वेळा लेखी मागितलं की ती ओळ नव्या कोटेशनमधून गायब होते. नाही झाली तर तीही तक्रारीत घालू.

आणि ते 20 हजार रोख, जे तुम्ही "नंबर वर घ्यायला" दिले. पावती नाही, मेसेज नाही, शिवाय दुसऱ्याच्या पुढे जायला दिलेले पैसे. ते गेले असं धरा आणि तक्रारीत त्यांचा उल्लेख करायचा की नाही ते तुमच्या वकिलाशी समोर बसून ठरवा.

शुक्रवार. गाडी हवी असेल तर घ्या, नऊ-दहा महिने थांबून आता रागाने सोडू नका. आधी मेल टाका, कंपनीच्या कस्टमर केअरला सीसी करून, की पाडव्याची तारीख तुमच्या प्रतिनिधीने दिली होती, 43,320 रुपये मी निषेध नोंदवून आणि हक्क राखून भरतोय. मग पैसे बँकेतून भरा, एक रुपयाही रोख नको. डिलिव्हरीच्या वेळी हार, पेढे, फोटो चालू असतानाच एक कागद पुढे येतो "गाडी व व्यवहार समाधानकारक", त्यावर सही करण्याआधी हाताने लिहा "किमतीबाबतची तक्रार राखून", आणि त्या कागदाचा फोटो काढा. लिहू देत नसतील तर तिथूनच, उभ्या उभ्या, त्यांना तसा मेल करा. ही एक ओळ न लिहिल्यामुळे चांगल्या केसेस लंगड्या झालेल्या मी बघितल्यात.

नंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, ती शोरूमवर बंधनकारक नसते पण किटचे पैसे अनेकदा तिथेच सुटतात. नाही सुटले तर जिल्हा आयोग, साताऱ्याचाच, पुण्याला खेटे घालायची गरज नाही, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. व्यवहार वीस ते पन्नास लाखांत गेला तर फी 1000 रुपये, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. एक सांभाळा, सातवी अट "अनुचित करार" आहे म्हणून रद्द करा अशी मागणी घातलीत तर ती राज्य आयोगाच्या अखत्यारीत जाते आणि जिल्ह्यातली तक्रार अडकते. तुम्ही उशीर आणि सक्ती एवढंच मांडा. कंपनीला पार्टी करायचं की नाही यात मी सावध आहे, गोव्यात जुनी गाडी नवी म्हणून विकल्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2021 मध्ये डीलरच्या चुकीसाठी कंपनीला जबाबदार धरलं नाही, कारण कंपनीला ते माहीत असल्याचा पुरावा नव्हता. म्हणून तर मेलला सीसी हवी, म्हणजे निदान आता तरी तिला माहीत असेल.

कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षं धरा, कधी सदस्य नसतात, कधी तारखेवर तारीख, ग्राहकासाठी केलेल्या कायद्यात ग्राहकालाच ताटकळत ठेवतात याचं मला वाईट वाटतं पण हे असंच चाललंय. तुमच्या बाजूने मात्र उशीर चालणार नाही, कलम 69 प्रमाणे दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी, आणि "शोरूमशी बोलणी चालू होती" म्हटल्याने ती मुदत आपोआप वाढत नाही.

ज्यांनी 22 सप्टेंबर 2025 च्या आधी बुकिंग केलं आणि जीएसटी बदलल्यावर इन्व्हॉइस झालं, त्यांच्यासाठी उत्तर वेगळं आहे. कर कमी-जास्त झाला तर माल विक्री कायद्याच्या कलम 64अ प्रमाणे, करारात उलट लिहिलेलं नसेल तर, कमी झालेला फायदा ग्राहकाला आणि वाढलेला बोजाही ग्राहकालाच. तुमचे 38 हजार करामुळे नाहीत, कंपनीने किंमत वाढवल्यामुळे आहेत, म्हणून शोरूमने "टॅक्स वाढला" म्हटलं तर जुनं आणि नवं कोटेशन शेजारी ठेवून टॅक्सचा दर दाखवा.

मेल आज रात्रीच टाका आणि त्यांचं उत्तर मला पाठवा. उत्तरात पाडव्याची तारीख नाकारलीय की नुसतं "सप्लाय इश्यू" म्हटलंय ते मला आधी बघायचंय, कारण सप्लाय इश्यू म्हटलं तर त्यांनी उशीर मान्य केला असं मी धरून चालेन.